आधी पापणी की आधी मोतीबिंदू?

मोतीबिंदू आणि पापण्यांच्या शस्त्रक्रियांबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काहींना इथे उत्तरं देत आहे. बहुतेकांनी विचारलंय, "कुठलं ऑपरेशन चांगलं?" त्याआधी दोन गोष्टी ठरायला हव्यात: डोळ्यांनी तुम्हाला रोज कोणतं काम करायचं आहे, आणि त्या कामाच्या आड नेमकं काय येतंय.

प्रश्न : वडील ७२ वर्षांचे आहेत. मोतीबिंदू सांगितलाय, पण नातेवाईक म्हणतात, पूर्ण पिकू द्या. तोवर थेंबांनी थांबेल का? लेझरने काढतात म्हणे, ते खरं का? (सातारा)

पिकायची वाट बघू नका. हा सल्ला एके काळी योग्य होता. तेव्हा मोठा छेद घेऊन डोळ्यातलं गढूळ झालेलं अख्खं भिंग काढत, टाके घालत आणि पुढे जन्मभर जाड काचांचा चष्मा लागे. आता फेको पद्धतीत दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून रिफिलपेक्षा बारीक नळी आत जाते. ध्वनिलहरींनी भिंगाचा गाभा फुटतो आणि चुरा ओढून घेतला जातो. भिंगाचं पारदर्शक आवरण मात्र जागेवर ठेवतात. त्यात घडी घातलेलं नवं भिंग सोडलं की ते सावकाश उलगडतं. पिकलेला मोतीबिंदू कडक असतो. तो फोडायला जास्त ऊर्जा लागते आणि तिचा मार कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या, आतल्या पेशींना बसतो. या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. फार पिकलेला मोतीबिंदू फुगून डोळ्याचा दाबही वाढवतो. मग डोळा ठणकतो आणि ऑपरेशन घाईत करावं लागतं.

मोतीबिंदू विरघळवणारा एकही खात्रीचा थेंब आज उपलब्ध नाही. 'लेझरने काढला' असं लोक म्हणतात, ते बहुतेक वेळा ध्वनिलहरींचं फेकोच असतं. छेद आणि आवरण कापायला लेझर वापरण्याची महागडी पद्धत आहे, पण फ्रान्स आणि ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासांत नेहमीच्या फेकोपेक्षा तिचा ठळक फायदा दिसला नाही. कर्ज काढून ती करू नका. मोतीबिंदू फार कडक असेल तर सहा-सात मिलिमीटरच्या छेदाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया करतात. शिबिरांत आणि सरकारी रुग्णालयांत ती खूप होते, आणि चांगल्या हातून झाली तर दृष्टी उत्तम येते.

वडिलांना पेपर वाचता येतोय, जिन्याच्या पायऱ्या नीट दिसतायत, रात्री समोरच्या गाड्यांच्या दिव्यांनी डोळे दिपत नाहीत, तर घाई नाही. यातलं काही अडू लागलं, की वेळ झाली.

प्रश्न : आई ६८ वर्षांची आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, शिवाय वरच्या पापण्या इतक्या खाली आल्यात की ती हनुवटी वर करून बघते. दोन्ही ऑपरेशनं एकदमच उरकता येतील का? (नाशिक)

एकदम उरकू नयेत, असं माझं मत आहे. पण आधी पापणी का खाली आलीय, ते कळायला हवं. आईंना समोर बसवा. पापणीची सैल कातडी बोटाने अलगद वर धरा आणि भिंतीवरचं कालनिर्णय बघायला सांगा. कातडी उचलल्यावर पापणीची कड जागेवर दिसली आणि वरचा भाग मोकळा झाला, तर दोष जादा कातडीचा. कातडी उचलूनही पापण्यांच्या केसांची ओळ बाहुलीवरच आलेली दिसली, तर पापणी उचलणारा स्नायू किंवा त्याचा पडदा सैल झालाय. कित्येकांत दोन्ही असतं. खात्री अर्थातच तपासणीतच होते.

जादा कातडी काढायची शस्त्रक्रिया जागा बधिर करून होते. छेद पापणीच्या नैसर्गिक घडीत लपतो आणि टाके साधारण पाच-सात दिवसांत काढतात. स्नायू आवळायच्या शस्त्रक्रियेत आम्ही मध्येच रुग्णाला उठवून बसवतो, डोळे उघडायला लावतो आणि दोन्ही पापण्यांची उंची जुळवतो. कातडी किंवा पापणी गरजेपेक्षा जास्त उचलली गेली तर डोळा पूर्ण मिटत नाही, कोरडा पडतो. म्हणून अश्रूंची तपासणी आधी झाली पाहिजे.

आता क्रम. पडलेल्या पापणीचा भार कॉर्नियावर असतो. ती उचलली की कॉर्नियाची गोलाई थोडी बदलते. मोतीबिंदूत घालायच्या भिंगाचा नंबर या गोलाईवर आणि डोळ्याच्या लांबीवर काढतात. आधी भिंग घालून मग पापणी उचलली, तर नंबर सरकण्याची शक्यता राहते. त्यामुळे पापणी बरीच पडलेली असेल, त्यातही टोरिक (तिरपा नंबर घालवणारं) किंवा मल्टिफोकल (लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणारं) भिंग हवं असेल, तर मी पापणी आधी करायला सांगतो. मग सूज उतरून गोलाई स्थिर झाली की मोजमाप. याला काही महिने लागू शकतात. उलट, मोतीबिंदूमुळे आई घरातल्या घरात ठेचकाळत असतील, तर त्यांना इतकं थांबवू नका. साधं, एकाच अंतराचं मोनोफोकल भिंग आधी घालून घ्या, पापणी मागाहून बघू. मोतीबिंदूच्या वेळी पापण्या उघड्या धरणाऱ्या चिमट्याच्या ताणाने पापणी थोडी उतरू शकते, बहुधा ती आपोआप सुधारते. हेही एक कारण की अशा वेळी पापणीचा निर्णय नंतर घेतलेला बरा.

तीन बाबतींत मात्र क्रम बदलत नाही. पापणी आत वळून केस डोळ्याला घासत असतील, पापण्यांच्या कडांना खपल्या धरून सूज असेल, किंवा नाकाजवळची अश्रुपिशवी दाबल्यावर पू येत असेल, तर त्याचा इलाज मोतीबिंदूच्या आधीच. नाहीतर तिथले जंतू शस्त्रक्रियेच्या वाटेने डोळ्यात जातात आणि दृष्टी जाऊ शकते.

पापणीचा खर्च विमा कंपनी सौंदर्योपचार म्हणून नाकारू शकते. पापणी सैल सोडून आणि टेपने उचलून, असा दोन्ही प्रकारे दृष्टिक्षेत्राचा तपास करून घ्या आणि फोटोंसह आधीच मंजुरी मागा.

प्रश्न : मी ब्लाउज शिवते. दवाखान्यात भिंगांची यादी दिलीय आणि सगळ्यांत महाग तेच सगळ्यांत चांगलं म्हणतात. (कोल्हापूर)

तुमच्या सुईत दोरा कोणत्या भिंगाने ओवला जाईल, हे विचारा. मोनोफोकल भिंग एका अंतरावर स्वच्छ दाखवतं. बहुतेकांचं ते लांबच्यासाठी ठरवतात आणि जवळच्याला चष्मा लागतो. तुमचं काम दिवसभर जवळचं आहे, तेव्हा ते जवळच्यासाठी ठरवून लांबच्याला चष्मा, असंही करता येतं. मल्टिफोकल भिंग प्रकाश वाटून घेतं. चष्मा सुटतो, पण रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात आणि काळ्या कापडावर काळा दोरा ओळखायला लागते तशी बारीक छटा थोडी कमी कळते. रात्रीचा ट्रक चालवणाऱ्याला, काचबिंदू किंवा डोळ्याच्या मागच्या पडद्याचा (रेटिनाचा) आजार असलेल्याला मी ते सुचवत नाही. कॉर्नियाला तिरपा नंबर असेल तर टोरिक भिंगाचे पैसे सार्थकी लागतात.

पहिलं कृत्रिम भिंग लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये बसवलं. मदुराईच्या ऑरोलॅबने १९९२ पासून भारतात भिंगं बनवायला घेतली, आणि साध्या माणसाला ती परवडू लागली. देशी साधं भिंग घेतलं म्हणजे तडजोड केली, असं मनात आणू नका.

प्रश्न : मला मधुमेह आहे. प्रोस्टेटची आणि रक्त पातळ करणारी गोळीही चालू आहे. ऑपरेशनआधी बंद करू का? (ठाणे)

मनाने एकही गोळी बंद करू नका. टॅम्सुलोसिनसारख्या प्रोस्टेटच्या गोळीने शस्त्रक्रियेत बाहुली नीट मोठी होत नाही आणि बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा लुळा पडतो. गोळी थांबवून हा परिणाम भरवशाने जात नाही, पण सर्जनला आधी माहीत असेल तर तो तयारीत असतो. थेंबांनी बधिर करून होणाऱ्या फेकोत रक्त पातळ करणारी गोळी सहसा चालू ठेवतात. पापणीत रक्तस्राव जास्त होतो, तिथे हृदयरोगतज्ज्ञाला विचारूनच ठरवायचं. साखर आटोक्यात आणा आणि मागच्या पडद्याची तपासणी आधी करून घ्या. पडद्याला सूज असेल तर नवं भिंग घालूनही दिसणं हवं तसं सुधारणार नाही.

प्रश्न : भावाची एक पापणी दोन दिवसांत एकदम पडली. एकाचे दोन दिसतात. चष्म्याचा नंबर बदलला असेल का? (लातूर)

त्यांना आजच मोठ्या रुग्णालयात न्या. त्या डोळ्याची बाहुली मोठी झाली असेल किंवा डोकं दुखत असेल, तर रात्रीसुद्धा थांबू नका. मेंदूतली फुगलेली रक्तवाहिनी पापणी आणि डोळा हलवणाऱ्या नसेवर दाब देत असू शकते. मधुमेहातही अशी नस निकामी होते. पापणी सकाळी बरी आणि संध्याकाळी जास्त पडते असं असेल, तर स्नायूंच्या एका आजाराचा तपास करावा लागतो. यात पापणीचं ऑपरेशन पहिला उपाय नव्हे.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदू काढला, आता पुन्हा धूसर दिसतंय. परत आला का? (पणजी)

काढलेला मोतीबिंदू परत येत नाही. ज्या आवरणात भिंग बसवलं, त्याची मागची बाजू कालांतराने गढूळ होते. याग लेझरने त्यात मधोमध छोटी खिडकी करतात. काही मिनिटांचं काम, भूल नाही, टाका नाही. मात्र त्याआधी पडदा तपासलेला असावा. लेझरनंतर डोळ्यासमोर विजेसारखे लखलखाट, एकदम वाढलेले काळे ठिपके किंवा बाजूने पडदा सरकल्यासारखी सावली दिसली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखान्यात जा.