साठावा दिवस कधी भरतो?

डिचोलीहून एक आई लिहितात : "माझ्या २१ वर्षांच्या मुलाला १२ ऑगस्टच्या रात्री ११५० ग्रॅम गांजासह पकडलं. दुसऱ्या दिवशी न्यायालयात नेलं, आता तो कोलवाळच्या तुरुंगात आहे. वकील म्हणतात, एनडीपीएसमध्ये (अंमली पदार्थविरोधी कायद्यात) जामीन नसतो, १८० दिवस थांबा. त्याला सवय आहे हे आम्हांला दोन वर्षं ठाऊक होतं. काय करावं?"

ठरलेल्या दिवसांत पोलिसांचं आरोपपत्र आलं नाही, तर जामीन हक्काने मागता येतो. त्या मुदतीचा हा १८०चा आकडा पेडण्यापासून साखळीपर्यंतच्या कितीतरी पत्रांत वाचला आहे. तो व्यापारी प्रमाणाला लागतो, म्हणजे गांजा २० किलोच्या वर असेल तर, किंवा कलम १९, २४, २७-अ असेल तर. तुमच्या मुलाकडचा माल १ किलोच्या वर आणि २० किलोच्या बराच आत. शिक्षा १० वर्षांपर्यंत, आणि जामीन अडवणारं कलम ३७ इथे लागूच होत नाही. म्हणून इथे मुदत ६० दिवसांची.

भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढा. दिवस अटकेपासून नव्हे, पहिल्या रिमांडपासून, म्हणजे न्यायालयाने कोठडी दिली तेव्हापासून मोजायचे, तो दिवस धरून. १३ ऑगस्टपासून साठावा दिवस ११ ऑक्टोबरला भरतो. तोवर आरोपपत्र आलं नाही, तर १२ तारखेला न्यायालय उघडताच जामिनाचा अर्ज दाखल झालेला हवा. हा हक्क आपोआप पदरात पडत नाही. अर्जाआधी आरोपपत्र पोचलं की संपलं. अर्ज आधी आणि आरोपपत्र नंतर, मग ते त्याच दुपारी का येईना, हक्क टिकतो; सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली एनडीपीएसच्याच खटल्यात हे सांगितलं आहे. जामीनदार कागदपत्रांसह तयार ठेवा.

सरकारी वकील कदाचित नव्या नागरिक सुरक्षा संहितेतल्या शब्दांवर बोट ठेवून ९० दिवस म्हणतील. २०१७च्या निकालाप्रमाणे, किमान शिक्षा १० वर्षं नसेल तर ६०च. पण तो निकाल जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेवरचा, त्यामुळे हमी देत नाही. अर्ज फेटाळला गेला, तर ९० दिवस भरल्यावर, ११ नोव्हेंबरला पुन्हा करा.

एक मात्र आजच पाहा. रिमांडच्या कागदावर २७ आहे की २७-अ? २७ म्हणजे सेवन, २७-अ म्हणजे पैसा पुरवणं. त्या एका अक्षराने ६०चे १८० होतात. हा कागद तुम्ही अजून मागितलेलाही नाही, असं पत्रावरून दिसतं.

कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. सुटी पानं आणि बिया त्यात येत नाहीत. वजनात काय काय धरलं ते पंचनाम्यात बघायला सांगा. वजन १ किलोवर आलं तर ते कायद्यातलं 'अल्प प्रमाण' ठरतं; १५० ग्रॅमचाच प्रश्न आहे, पण न्यायालय ऐकेल की नाही, कुणी सांगावं.

राहिली ती दोन वर्षं. व्यसनी माणूस आपण होऊन उपचाराला गेला, तर कलम ६४-अ खटल्यापासून संरक्षण देऊ शकतं, पण सेवन किंवा अल्प प्रमाणापुरतंच. ११५० ग्रॅमवर ते कलम चालत नाही. बांबोळीची आयपीएचबी, म्हणजे सरकारी मनोरुग्णालय, डिचोलीहून तेव्हाही एवढीच दूर होती. तो आणखी काही घेत असेल, तर तुरुंगाच्या डॉक्टरांना लगेच कळवा. ते लपवू नका.