बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोप शिकवायचा कशाला? तो तर बायोलॉजीवाल्यांचा ना?

हा गैरसमज जुनाच. पाश्चरने 1848 मध्ये टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे डावे-उजवे, म्हणजे एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेले, स्फटिक वेगळे केले, तेही मायक्रोस्कोपखाली पाहून, हाताने निवडून. तांदूळ निवडावेत तसे!

मी मुलांना पहिल्याच दिवशी एक गंमत दाखवते. एका काचपट्टीवर मिठाच्या पाण्याचा थेंब, दुसरीवर पोटॅशियम नायट्रेटचा. थेंब कडेने सुकायला लागतो आणि डोळ्यांदेखत स्फटिक वाढतात. मग पोलरॉइडचे, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश पुढे जाऊ देणाऱ्या फिल्मचे, दोन तुकडे घ्यायचे, एक काचपट्टीखाली, एक आयपीसवर (डोळा लावतो त्या भिंगावर). वरचा फिरवत जा, पार्श्वभूमी काळी होईपर्यंत. मीठ गायब होतं, कारण त्याचा स्फटिक घनाकृती, प्रकाशाला सगळ्या दिशांनी सारखाच. नायट्रेट मात्र रंगीत झळकतं. स्फटिकरचनेवरचं अख्खं लेक्चर एका थेंबात उरकतं.

बाकी सवयी नेहमीच्याच: सुरुवात 10एक्सच्या (दहापट मोठं दाखवणाऱ्या) लेन्सने, आणि फोकस करताना लेन्स वर न्यायची, खाली नाही. आमच्याकडे एकाने उलटं केलं, काचपट्टी तडकली आणि नायट्रेट लेन्सला चिकटलं. आणि हो, तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली त्या टेबलाजवळ फिरकूही देऊ नका.