घरच्या शेडमध्ये पिकअपची चासी आणि पुढचं सस्पेन्शन स्वतः बनवता येईल का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: जुनी जीपवजा पिकअप आहे, केबिन ठणठणीत पण चासी मागून गंजून पोखरलीय, दिंडोरीच्या बागेत शेड आहे, वेल्डिंग मशीन आहे, हातही बऱ्यापैकी चालतो, तर बॉक्स पाईपची नवी चासी करून पुढचे पाटे (लीफ स्प्रिंग) काढून डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्मचं सस्पेन्शन, टाकावं का आणि सुरुवात कुठून करावी. मी नाशिकच्या अंबडला फॅब्रिकेशनच करतो, ट्रॉल्या, ट्रेलर, स्टँड वगैरे रोजची कामं, आणि पाथर्डी फाट्याला घरच्या शेडमध्ये हौसेची. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी कडू ते सांगून टाकतो. ही गाडी रस्त्यावर चालवायची असेल तर नाद सोडा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२, आरसीवर लिहिलेलं आणि कंपनीने मुळात दिलेलं यात फरक पडेल असा बदल मालकाने करायचा नाही, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये यावर शिक्काच मारला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२अ नव्याने लिहिलं गेलं, त्यात अशा प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आणि चासी बदलली की गाडीची ओळखच गेली ना, कारण नंबर चासीवर ठोकलेला असतो. जुना नंबर कापून नव्या पाईपवर वेल्ड करायची आयडिया कुणी एजंट देईल, ऐकू नका, तो सरळ गुन्हा आहे, चोरीच्या गाड्यांना हेच करतात. नवीन प्रोटोटाईप पास करून घ्यायचा रस्ता आहे, पुण्याची एआरएआय, नगरची व्हीआरडीई असल्या संस्था टेस्टिंग करतात, पण ते गाड्या बनवणाऱ्यांसाठी, एका पिकअपसाठी तो खर्च कुणाला परवडणार. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून छोटी जीप केली होती आठवतंय? आनंद महिंद्रांनी डिसेंबर २०२१ मध्ये कौतुकाचं ट्विट केलं त्यातच लिहिलं होतं की ही नियमात बसत नाही, आज ना उद्या अडवतील, म्हणून बदल्यात बोलेरो देतो, आणि दिलीसुद्धा. तुम्हाला कुणी बोलेरो देईल या भरवशावर राहू नका 😄 तर पुढचं सगळं बागेच्या बांधाच्या आत चालवायच्या गाडीबद्दल आहे असं समजून वाचा.

आता कामाचं. चासी घरी होते, व्यवस्थित होते. पुढचं सस्पेन्शन मात्र घरी "बनवू" नका, एका गाडीचं पूर्ण सेट आणून बसवा. अप्पर आर्म, लोअर आर्म, नकल (ज्याच्यावर हब बसतो आणि स्टिअरिंगबरोबर वळतो तो भाग), हब, ब्रेक, स्टिअरिंग रॅक आणि ज्याच्यावर हे सगळं बसतं तो क्रॉस मेंबर, सगळं एकाच डोनर गाडीचं, म्हणजे जिचे पार्ट काढून घ्यायचे तिचं. नकल एका गाडीचं, आर्म दुसरीचे, रॅक तिसरीची असं केलं की प्रत्येक पार्ट चांगला असूनही गाडी वेडी चालते, आणि नेमकं कशामुळे ते शोधताना वर्ष जातं. भंगार बाजारात डोनर घेताना पावती आणि चासी नंबरचे कागद मागा, नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात जा.

चासीचं ड्रॉइंग चासीपासून सुरू करायचं नसतं, टायरपासून करायचं. समजा २१५/७५ आर १५ टाकणार, तर टायरची उंची येते साधारण ७०४ मिमी, वजन पडल्यावर थोडा दबतो म्हणजे हबचं सेंटर जमिनीपासून ३३५-३४० मिमीवर धरा. मग गाडी लोड घेऊन उभी असताना लोअर आर्म कसा दिसायला पाहिजे ते बघा, बहुतेक गाड्यांत जवळपास आडवा असतो, वर-खाली दोन्हीकडे जायला जागा उरते. त्या पोझिशनला चारही चाकं शेडमध्ये ठोकळ्यांवर उभी करा, मध्ये इंजिन-गिअरबॉक्स लटकवा, केबिन घोड्यांवर ठेवा, आणि मग या सगळ्यांच्या मधून लाँग मेंबर, म्हणजे चासीचा लांबीत जाणारा मुख्य पाईप, कुठून जाऊ शकतो ते दिसतं. उलटं करणारे लोक आधी मस्त शिडीसारखी चासी वेल्ड करतात आणि नंतर ऑइल संप क्रॉस मेंबरला घासतो म्हणून इंजिन वर उचलतात, मग बॉनेट बसत नाही, मग बॉनेटला भोक.

डोनरचं फ्रंट कापायच्या आधी, परत सांगतो, कापायच्या आधी, डोनर लेव्हल जमिनीवर घ्या आणि प्रत्येक पिव्हट पॉइंटवरून ओळंबा सोडून जमिनीवर खूण करा आणि उंची लिहा. आर्मचे आतले बोल्ट, वरचे खालचे बॉल जॉइंट, रॅकचे दोन्ही टोकांचे जॉइंट, सगळे. पुठ्ठ्यावर नाही, प्लायवर किंवा पत्र्यावर उतरवा, पुठ्ठा हलतो. हेच माप तुमच्या नवीन चासीवर जसंच्या तसं आलं पाहिजे, उंचीत आणि तिरकेपणातसुद्धा.

कारण काय ते थोडं खोलात सांगतो, इथेच सगळे फसतात. गाडीकडे समोरून बघा. अप्पर आर्मच्या आतल्या बोल्टपासून बॉल जॉइंटमधून एक रेष ओढा, लोअर आर्मची तशीच दुसरी ओढा, दोन्ही वाढवत नेल्या की कुठेतरी एका बिंदूत मिळतात. टाय रॉडची (रॅकपासून चाकाकडे जाणाऱ्या दांडीची) रेष पण त्याच बिंदूकडे गेली पाहिजे आणि टाय रॉडचा आतला जॉइंट आर्मच्या आतल्या बोल्टांना जोडणाऱ्या रेषेवर किंवा अगदी जवळ पाहिजे. नाहीतर चाक वर गेलं की टाय रॉड वेगळ्या वर्तुळात फिरतो आणि चाकाला स्वतःच ढकलतो किंवा ओढतो. स्टिअरिंग तुम्ही घट्ट धरलंय आणि खड्ड्यात चाक आपोआप वळतंय, याला बंप स्टिअर म्हणतात. ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकातलं अंतर) जास्त वाटला म्हणून क्रॉस मेंबर मधून कापून शंभर मिमी अरुंद करायचा मोह होतो, पण रॅक तेवढीच लांब राहते ना, म्हणजे तिचे जॉइंट बाहेर गेले, गेलं गणित. त्यापेक्षा ट्रॅक जुळणारी डोनर शोधा किंवा रिमचा ऑफसेट (रिम हबवर किती आत-बाहेर बसते ते) बदला.

तपासायला मशीन लागत नाही. स्प्रिंग काढून ठेवा, हबला टायरच्या उंचीएवढी एक सरळ प्लेट बोल्ट करा, लोअर आर्मखाली जॅक लावा आणि १०-१० मिमी वर नेत प्लेटच्या पुढच्या आणि मागच्या कडेचं अंतर सेंटर लाईनच्या दोरीपासून मोजत जा, मग खाली आणत मोजा. दोन्ही कडांचा फरक पूर्ण प्रवासात जवळपास तेवढाच राहिला तर रॅक बरोबर बसली. वाढत किंवा कमी होत गेला तर रॅक वर-खाली पॅकिंगने हलवून बघा, म्हणूनच रॅकचे ब्रॅकेट सगळ्यात शेवटी फुल वेल्ड करायचे, तोपर्यंत टॅकवर, म्हणजे टिपक्याएवढ्या तात्पुरत्या वेल्डवर.

कॅस्टर म्हणजे वरचा बॉल जॉइंट खालच्यापेक्षा थोडा मागे, त्याने स्टिअरिंग सोडलं की सरळ येतं. पॉवर स्टिअरिंगला ३ ते ५ अंश चालतात. गंमत अशी की गाडीची मागची बाजू उचलली की कॅस्टर तेवढाच कमी होतो. २५०० मिमी व्हीलबेसला मागून ४४ मिमी उचललं की बरोबर एक अंश गेला. त्यामुळे मागे लोडसाठी जाड पाटे टाकणार असाल तर ते आधी ठरवा, फ्रंट नंतर वेल्ड करा.

मटेरियल. लाँग मेंबरला १००×५०×४ चा आयताकृती पाईप या साईजच्या पिकअपला पुरतो, मीटरला नऊ किलोच्या आसपास भरतो, सहा मीटरच्या लेंथमध्ये मिळतो. ब्रँडेड घ्या, आयएस ४९२३ लिहिलेला, फर्निचरवाल्यांचा पातळ पाईप नको. कंपनीच्या गाडीला सी चॅनेल असतं आणि ते मुद्दाम थोडं पिळतं, म्हणून त्यात क्रॉस मेंबर रिव्हेट करून उभ्या बाजूला जोडलेले असतात. बॉक्स पाईप पिळत नाही, त्यामुळे सस्पेन्शनला बरं, पण आत पाणी साचतं, तेव्हा खालच्या बाजूला ड्रेनची भोकं ठेवा आणि शेवटी आत वॅक्स मारा. पाईपमधून आरपार बोल्ट घालायचा तिथे आत नळी घालून दोन्हीकडून वेल्ड करा, नाहीतर बोल्ट आवळला की पाईप चेपतो आणि बोल्ट आयुष्यभर ढिलाच. खालच्या कडेला, म्हणजे जिथे ताण येतो तिथे, आडवं वेल्ड मारू नका आणि भोकं पाडू नका. जोड द्यावाच लागला तर ४५ अंशात तिरका कापून जोडा आणि बाहेरून चौकटच्या आकाराची प्लेट लावा, पत्त्यातल्या चौकटसारखी, म्हणजे कुठेच वेल्डची सरळ उभी रेष येत नाही. ब्रॅकेट ६ मिमी प्लेटचे, हाताने कापत बसू नका, ड्रॉइंग करून अंबड-सातपूरला कुठल्याही लेझर कटिंगवाल्याकडे द्या, डावं-उजवं हुबेहूब येतं.

वेल्डिंगला सीओटू (गॅसवालं मिग मशीन) असेल तर उत्तम, आर्क असेल तर ७०१८ रॉड आणि तो कोरडा, पावसाळ्यात उघड्या पाकिटातला वापरायचा नाही. शेडची फरशी लेव्हल आहे हे गृहीत धरू नका, नसतेच. दोन आय बीम आडवे टाकून पाणी भरलेल्या लेव्हल नळीने लेव्हल करा, त्यावर लाँग मेंबर क्लॅम्प करा, मधोमध दोरी ताणा. आधी सगळं टॅक, मग कर्ण मोजा, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, दोन्ही कर्णांत दोन-तीन मिमीच्या वर फरक नको. मग फुल वेल्ड, पण एका ठिकाणी पूर्ण नाही, इथे दोन इंच, मग तिरक्या कोपऱ्यात दोन इंच, थोडं थांबून परत मोजा. वेल्ड थंड होताना ओढतं, सगळे वेल्ड वरच्या बाजूने एका दमात मारले तर लाँग मेंबरची दोन्ही टोकं वर उचलतात आणि मग जॅक लावून सरळ करायची नाटकं. नकल, स्टिअरिंग आर्म, टाय रॉड, यांना वेल्डिंगचा रॉड लावायचाच नाही. ते फोर्जिंग किंवा कास्टिंग असतं, वेल्डच्या कडेला ठिसूळ होतं आणि तुटतं तेव्हा सूचना देत नाही. वाकवायला गरमही करू नका. या एका गोष्टीवर मी गिऱ्हाईकाशी भांडण घेतो.

स्प्रिंगचं एक गणित लक्षात ठेवा. स्प्रिंग लोअर आर्मच्या मधोमध बसली तर चाकाला तिचा कडकपणा निम्मा नाही, चौथाई मिळतो, कारण जोर पण अर्धा होतो आणि प्रवास पण अर्धा. म्हणून डोनरची स्प्रिंग डोनरच्याच जागी ठेवा. डिझेल इंजिन जड असेल तर गाडी टेम्पोवर टाकून वजनकाट्यावर नेऊन पुढची चाकं वेगळी, मागची वेगळी तोलून घ्या, मग स्प्रिंगवाल्याकडे आकडा घेऊन जा. आणि आर्मच्या रबर बुशचे बोल्ट गाडी स्वतःच्या वजनावर उभी असतानाच फायनल आवळा, चाकं लटकत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यात फाटतं. मेकॅनिकसुद्धा हे सर्रास चुकतात.

आता माझं खरं मत. बागेत क्रेट वाहायला, चिखलात, चर ओलांडायला डबल विशबोन कशाला? पुढे सरळ अ‍ॅक्सल आणि पाटे ठेवा. महिंद्राच्या जुन्या एमएम ५४० जीपला, मारुतीच्या जिप्सीला पाटेच होते आणि अजून चालतात. पाट्यांचं काम घरी सोपं: हँगर (पाट्याचं एक टोक पक्कं धरणारा) आणि शॅकलचे (दुसरं टोक झुलतं ठेवणाऱ्या कडीचे) चार ब्रॅकेट चौकोनात आले, अ‍ॅक्सल व्हीलबेसला काटकोनात बसला की झालं, दोन्ही बाजूंचं पुढचं-मागचं अ‍ॅक्सल सेंटर टेपने मोजा, सारखं पाहिजे. कॅस्टर कमी पडला तर पाटा आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये तिरकी पॅकिंग घालून यू बोल्ट आवळायचे, कमान-पाट्याच्या दुकानात मिळते. स्टिअरिंगची ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारी दांडी) शक्य तेवढी आडवी आणि पाट्याच्या समांतर ठेवा, बस्स. विशबोनसाठी जाणारा वेळ आणि पैसा तुम्ही ब्रेकवर घाला, बागेतून पॅकहाऊसला उतारावर भरलेली गाडी उतरवायची आहे तुम्हाला.

चालवायच्या आधी स्टिअरिंग फुल लॉकला नेऊन आणि चाक पूर्ण खाली लटकवून ब्रेकचा होस ताणतो का, कुठे घासतो का ते दोन्ही बाजूंनी बघा. ब्रेकची लाईन स्टीलची, तांब्याची नळी वाकवायला सोपी म्हणून टाकतात ती नको. पहिले काही दिवस रिकामी चालवा, रोज वेल्डच्या कडा पुसून बघा, पांढरा प्राइमर मारून ठेवला तर तडा गेलेला लगेच दिसतो, काळ्या रंगात दिसत नाही. काळा नंतर मारा.

कुठल्या रस्त्याने जायचं ते ठरलं की खाली टायरची साईज, इंजिन कुठलं आणि एका खेपेला किती क्रेट टाकणार ते लिहा, मग मागच्या पाट्यांचं आणि लाँग मेंबरच्या जाडीचं नक्की सांगता येईल. २० किलोचे पन्नास क्रेट म्हणजे टन झाला, मग ४ मिमी पाईपचा मी परत विचार करीन.