फ्लाइंग स्कॉट्समनचं मॉडेल घ्यायचंय, ४४७२ घेऊ की ६०१०३?

तुम्ही लिहिलंय की यॉर्कच्या म्युझियममध्ये फ्लाइंग स्कॉट्समन हे वाफेचं रेल्वे इंजिन बघितलं, तेव्हापासून डोक्यातून जात नाही, भाचा इंग्लंडहून येताना मॉडेल आणणार आहे आणि ते खऱ्या इंजिनाशी तंतोतंत जुळायला हवं. तर आधी साल ठरवा, मॉडेल मग आपोआप ठरतं. नंबर आणि रंग बघून घ्यायला गेलात तर हमखास गडबड होते, कारण हे इंजिन १९२३ला डॉन्कास्टरला बनलं तेव्हापासून आजपर्यंत इतक्या वेळा बदललंय की "खरं" कुठलं हे साल सांगितल्याशिवाय सांगताच येत नाही.

नवीन असताना नंबर होता १४७२. १९२४च्या वेम्बली प्रदर्शनासाठी तो ४४७२ झाला आणि तोच लोकांच्या तोंडी बसला. १ मे १९२८ला लंडन ते एडिंबरा न थांबता जाणारी पहिली नियमित गाडी नेली ती ह्याच नंबरने, ३० नोव्हेंबर १९३४ला ताशी १०० मैलांचा वेग नोंदवला तोही ह्याच नंबरने. पुढे १९४६मध्ये आधी ५०२, मग काही महिन्यांत १०३, आणि रेल्वे सरकारी होऊन ब्रिटिश रेल्वे आल्यावर ६०१०३. मधली काही वर्षं ते चक्क निळंसुद्धा होतं.

नुसता नंबर बदलला असता तर स्टिकर लावून काम भागलं असतं हो, पण इंजिनाचं अंगच बदललं. डिझायनर ग्रेस्लीसाहेबांनी बनवलं तेव्हा ते ए-वन क्लासचं, म्हणजे त्या जातीचं, होतं, बॉयलरचा दाब चौरस इंचाला १८० पौंड. जानेवारी १९४७मध्ये २२० पौंडांचा बॉयलर बसवून ते ए-थ्री झालं. ह्या नव्या बॉयलरचा सुपरहीटर, म्हणजे वाफ आणखी तापवणारा भाग, इतका रुंद की त्याची टोकं स्मोकबॉक्सच्या, म्हणजे धुराड्याखालच्या पुढच्या गोल भागाच्या, बाहेर यायला लागली, म्हणून दोन्ही बाजूंना वरच्या अंगाला लांबट चौकोनी झाकणं बसवलेली असतात, थोडी फुगीर. मॉडेल समोरून जरा तिरकं धरलं की ही झाकणं लगेच दिसतात, आणि मी तर हातात घेतल्या घेतल्या आधी तिथेच बघतो.

हे एवढं का सांगतोय तर खरी फसगत इथेच होते. १९६३ला रेल्वेने इंजिन काढून टाकलं तेव्हा अ‍ॅलन पेग्लर नावाच्या गृहस्थांनी ते विकत घेतलं, पुन्हा ४४७२ नंबर, पुन्हा तो पोपटी हिरवा रंग, साधं एकेरी धुराडं, आणि मागे १९२८सारखं कॉरिडॉर टेंडर (कोळसा-पाण्याचा डबा, आतून जायला वाट असलेला), म्हणजे वरवर बघितलं तर १९३०चंच इंजिन! पण बॉयलर ए-थ्रीचा, म्हणजे ती झाकणं आहेतच. त्यामुळे बाजारात "४४७२, हिरवं" म्हणून जे मिळतं त्यात काही मॉडेल्स १९२८ची असतात आणि काही १९६३नंतरची, आणि बॉक्सवरचा फोटो बघून फरक पटकन लक्षात येत नाही. १९२८चं हवं असेल तर झाकणं नसलेलंच घ्या, मात्र टेंडर कॉरिडॉरचंच बघा. त्याच्या पोटातून जेमतेम दीड फूट रुंद आणि पाच फूट उंच बोळ काढलेला होता, चालत्या गाडीत ड्रायव्हर-फायरमनची दुसरी जोडी डब्यातून त्या बोळातूनच इंजिनवर यायची. मॉडेलमध्ये टेंडर मागून बघायचं, डब्याला जोडायचं दार असतं तिथे. १९२३-२४चं घेताय तर हे टेंडर चालणार नाही.

आता तुम्ही यॉर्कला बघितलं ते २०१६नंतरचं रूप असेल तर ते गडद हिरवं ६०१०३, धुराडं दुहेरी आणि स्मोकबॉक्सच्या दोन्ही बाजूंना उभे पत्रे. दुहेरी धुराडं १९५८-५९च्या हिवाळ्यात बसलं, पण त्याने वाफ इतकी मऊ बाहेर पडायला लागली की धूर खाली रेंगाळून ड्रायव्हरला पुढचं दिसेना, म्हणून १९६१च्या शेवटी ते पत्रे लागले. म्हणजे पत्रे असलेलं ६०१०३ जुन्या काळातलं म्हणून मांडायचं तर जेमतेम एका वर्षाचंच आहे, जानेवारी १९६३ला इंजिन सेवेतून गेलंच. आणि ४४७२ नंबर, पोपटी रंग, वर पत्रे असं मॉडेल दिसलं तर ते चुकीचं समजू नका, २००० नंतर काही वर्षं ते खरंच असं धावत होतं. फक्त त्याच्यामागे १९३०चे सागवानी डबे जोडून तो काळ उभा राहणार नाही.

माझं मत विचाराल तर १९२८चं घ्या. डोळ्यांनी बघितलेलं घरात असावं ही ओढ मला समजते, पण ह्या इंजिनाचं नाव झालं ते त्या रूपात, आणि ते रूप आता खऱ्या इंजिनावर बघायला मिळणार नाही, मॉडेलमध्येच मिळेल.

स्केलचं थोडक्यात सांगतो. ब्रिटिश मॉडेल्स बहुतेक ओओ स्केलमध्ये येतात, म्हणजे १:७६, इंजिन-टेंडर मिळून साधारण २८ सेंमी. रूळ मात्र एचओ ह्या जरा लहान स्केलचेच, १६.५ मिमी, त्यामुळे हिशेबाने रूळ थोडे अरुंद पडतात, समोरून बघताना ते जाणवतं. तेवढं चालवून घ्यावं लागतं. सेकंड हँड घेणार असाल तर मोटर इंजिनात आहे की टेंडरमध्ये हे नक्की विचारा, हॉर्न्बी कंपनीच्या जुन्या मॉडेल्समध्ये ती टेंडरमध्ये असायची, आणि मला स्वतःला इंजिनाने ओढलेली गाडी आवडते, टेंडरने ढकललेली नाही. काही मॉडेल्समध्ये केबिनखालची मागची चाकं वळणासाठी बिनकडेची दिलेली असतात, शोकेसमध्येच ठेवणार असाल तर कडेची चाकं बॉक्समध्ये आहेत का बघून ती बसवून घ्या. भाच्याला सांगा, पैसे देण्याआधी दोनच फोटो पाठव, एक स्मोकबॉक्स समोरून तिरका आणि एक टेंडर मागून. ते इथे टाका, साल मी सांगतो.