बायोफिल्ममध्ये जिवाणू बीजाणू कसे तयार करतात?

बायोफिल्ममधले (म्हणजे चिकट जाळ्यात एकत्र राहणाऱ्या जिवाणूंच्या थरातले) सगळेच जिवाणू बीजाणू (वाईट दिवसांत तग धरणाऱ्या टणक, झोपी गेलेल्या पेशी) करतात का, आणि करतात ते कसे, असा प्रश्न आहे. सगळे नाही करत, आणि मला यातलं हेच सर्वांत सुंदर वाटतं.

बॅसिलस सबटिलिस हा मातीतला जिवाणू घ्या. एकाच आईची लेकरं, जनुकं तीच, तरी कोणी पोहतं, कोणी चिकट जाळं विणतं, कोणी बीजाणू होतं. किल्ली आहे स्पो-झिरो-ए या प्रथिनाकडे. त्याला फॉस्फेट थोडं जोडलं गेलं की जाळं विणणारी जनुकं चालू होतात. उपासमार वाढून फॉस्फेट जोडलेलं प्रथिन साठत गेलं की बीजाणूंची. म्हणून जाळं विणणाऱ्या पेशीच बहुधा पुढे बीजाणू होतात. जाळं विणताच न येणाऱ्या वाणांच्या वसाहतीत बीजाणूही कमी दिसतात.

आता एका पेशीत डोकावू. ती मधोमध न विभागता एका टोकाशी पडदा घालते. मोठा भाग धाकट्याला चक्क गिळतो आणि त्याच्याभोवती आधी जाड साल, मग प्रथिनांचं कवच चढवतो. गाभ्यातलं पाणी कमी होतं, तिथे कॅल्शियम आणि डायपिकोलिनिक आम्ल भरतं; उष्णता सोसण्याची ताकद बरीचशी यातूनच येते. शेवटी आईपेशी फुटते, बीजाणू मोकळा होतो. प्रयोगशाळेत एवढ्याला साधारण 7-8 तास लागतात.

जागाही ठरलेली असते बरं का. सुरकुतलेल्या वसाहतीवर हवेत उभे राहिलेले बारीक सुळके दिसतात, त्यांच्या शेंड्यांवर बीजाणू दाटतात.