आधी तिचं क्यूजीआयएस परत टाका

प्रश्न: मुलगी बारावी सायन्सला, गणितात चांगली. फावल्या वेळात क्यूजीआयएसवर उत्तर कॅनडातल्या डुबाँट लेक परिसराचे नकाशे काढते. गूगलवर सगळं असताना हा उद्योग कशाला? सीईटी जवळ आली म्हणून मी ते सॉफ्टवेअर काढून टाकलं. तिला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच घ्यायला समजवा. नकाशा सोबत पाठवतोय. – एक वडील, सातारा

उत्तर: समजावायचं तर तुम्हालाच. न विचारता सॉफ्टवेअर काढणं म्हणजे मुलीची वही फाडणं. सीईटीच्या तोंडावर घरात अबोला धरला गेला, तर मार्क त्यानंच जातील. सॉफ्टवेअर गेलं तरी तिच्या फाइल्स सहसा शाबूत राहतात. फोल्डरही डिलीट केलं असेल, तर रिसायकल बिन रिकामी करू नका.

आता पाठवलेला नकाशा नीट बघा. नदीच्या वाटेवरच्या दोन तळ्यांना तिनं वेगवेगळी पातळी दिलीय आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात उतार दाखवलाय. दोन्ही मिळून एकच तळं धरलं असतं, तर तिथला खळाळ नकाशातून पुसला गेला असता आणि होडीवाला बेसावध सापडला असता.

‘गूगलवर सगळं आहे’ हा मोठा गैरसमज. फोटो म्हणजे नकाशा नव्हे. उपग्रहाच्या दोन कोनांतल्या चित्रांवरून उंची काढतात, तेव्हा दोन्हीकडे सारखी खूण सापडावी लागते. सपाट पाण्यावर ती सापडत नाही, म्हणून तळ्याच्या जागी खड्डे-उंचवटे उगवतात. मग तळं हातानं एका पातळीवर आणायचं, आणि नदी उताराच्या दिशेनं कुठेही वर चढत नाही ना, हे तपासायचं. आर्क्टिकडेम हा उत्तरेकडच्या जमिनीच्या उंचीचा, दर २ मीटरला एक आकडा देणारा उपग्रह-डेटा. त्यातली उंची समुद्रसपाटीपासून नव्हे, तर पृथ्वीचा आकार म्हणून धरलेल्या गणिती लंबगोलापासून मोजलेली असते. ती समुद्रसपाटीची म्हणून वापरली की सगळे आकडे चुकतात. डुबाँटवर जुलैतही बर्फ असतो. त्या वेळचं चित्र घेतलं तर किनारा कुठला आणि बर्फाची कड कुठली, हेच कळत नाही.

सीईटी तिला देऊ द्या. सिव्हिल किंवा जिओइन्फर्मेटिक्स (कॉम्प्युटरवर नकाशे आणि भौगोलिक माहिती हाताळण्याचं शास्त्र), पुढे आयआयटी मुंबई किंवा देहरादूनच्या आयआयआरएस या रिमोट सेन्सिंग संस्थेत एम.टेक. कॉम्प्युटर घेतलं तरी वाट बंद होत नाही, पायथनमधलं प्रोग्रॅमिंग इथेही लागतंच. पण निवड तिची. बारावीनंतर लगेच कॅनडाला पाठवायचा खर्च मात्र करू नका.

आज रात्री तिच्याशेजारी बसा आणि विचारा, ‘चित्र कोणत्या महिन्याचं घेतलंस, आणि का?’