त्याला अस्मान दाखवायच्या आधी

पैलवान,

तुझी व्हॉइस नोट दोनदा ऐकली, कारण पहिल्यांदा मागं कुणीतरी थंडाई घोटत होतं त्या आवाजात निम्मं कळलंच नाही. सात मिनिटांची नोट पाठवतोस लेका, निदान बाहेर येऊन तरी बोलत जा.

तर विषय असा की तुमच्या तालमीत तो एक वजनदार गडी आहे, दोन यात्रांच्या कुस्त्या मारून आलाय आणि आता हौदा, म्हणजे तालमीतली कुस्तीची माती, त्याच्या नावावर केल्यासारखा वागतोय. तुला लढतीला धरतो, पाडतो, पाडून झालं तरी उठत नाही, कोपर मानेवर ठेवून वर टोमणे मारतो, आणि कुणाकडून तरी व्हिडिओ काढून घेऊन स्टेटसला टाकतो, खाली आगीचे इमोजी. आणि तू मला विचारतोयस की आबा, एक असा डाव सांगा की सगळ्या तालमीसमोर त्याची पाठ लागली पाहिजे. सांगतो. डाव सांगायला मला काय जातंय. पण आधी जरा माझं ऐक.

पहिलं म्हणजे तो कुणाला धरतो ते चार दिवस नुसतं बघ. मी पैजेवर सांगतो, तो तुझ्यासारख्या 65-70 किलोच्या पोरांना धरत असणार आणि त्याच्या जोडीचा गडी लांग घालून हौद्यात उतरला की ह्याचा नेमका गुडघा दुखायला लागत असणार. दमदाटी करणारा पैलवान जोड निवडून खातो. ह्यात त्याचं काय होतंय ते त्याला कळत नाही, पण तुला कळलं पाहिजे. समोरचं पोरगं घाबरलेलं असलं की त्याच्यावर कुठलाही डाव लागतो, अर्धवट ढाक (कमरेवर घेऊन आपटायचा डाव) पण लागते, हात नीट न धरता मारलेला पट (पाय धरून पाडायचा डाव) पण लागतो. मग रोज तेच. सहा महिन्यांत गड्याचा डाव घासला जायच्या ऐवजी बोथट होतो आणि त्याला वाटतं आपण वाढलो. शिवाय ज्यांना त्यानं एकदा मुद्दाम दुखवलं ती पोरं परत त्याच्याशी खरी लढत करत नाहीत, अंग सोडून पडतात आणि सुटका करून घेतात. म्हणजे सराव संपला त्याचा. कुस्ती एकट्यानं शिकता येत नाही रे, जोर-बैठका एकट्यानं मारशील, दोर चढशील, पण डाव शिकायला दुसऱ्याचं अंग लागतं आणि ते त्यानं मनापासून द्यावं लागतं.

आता तू म्हणशील की मग गर्वाचं घर खाली, हरेल तो एक दिवस. बघ, मी तुला खोटं सांगणार नाही, उर्मट माणूस हरतोच असं काही नाही. लय वेळा जिंकतो. तू रात्री जागून ते यूएफसी, पिंजऱ्यातल्या लढती, बघत असतोस ना, मग अँडरसन सिल्वाचं घे. 2009 ला फॉरेस्ट ग्रिफिनसमोर हात खाली सोडून नुसतं डोकं हलवत त्याचे ठोसे चुकवले आणि मागं सरकत सरकत त्याला पहिल्याच राउंडला झोपवला, जग वेडं झालं. मग तेच 2013 च्या जुलैत लास वेगासला ख्रिस वाइडमनसमोर केलं, हात खाली, चेष्टा, लागलं नसताना लागल्यासारखं पाय लटपटवून दाखवायचं, आणि दुसऱ्या राउंडला डावा हूक बसला, जवळजवळ सात वर्षं सांभाळलेला बेल्ट गेला. लोक म्हणाले माज उतरला. मला ते तेवढं साधं वाटत नाही. तो माज त्याला चार वर्षं फळ देत होता म्हणून तर तो सोडत नव्हता! जिंकून देणारी वाईट सवय सुटत नाही, हरवणारी लवकर सुटते. तुझ्या तालमीतल्या गड्याचं पण हेच चाललंय.

आणि उलटं पण बघ. जपानची युई सुसाकी, पॅरिस ऑलिम्पिकला 2024 ला आली तेव्हा परदेशी पैलवानाकडून एकदा पण हरलेली नव्हती, आणि पहिल्याच कुस्तीत आपल्या विनेश फोगाटनं शेवटच्या काही सेकंदांत पॉइंट काढून तिला 3-2 नं हरवलं. सुसाकीनं कुणाची चेष्टा केली नव्हती, कुणाला कमी लेखलं नव्हतं, तरी हरली. दुसऱ्या दिवशी आली आणि ब्राँझ घेऊन गेली. म्हणजे नम्र राहिलास की जिंकशील अशी गॅरंटी मी देत नाही, तसली गॅरंटी इन्स्टावर मिळते.

मग मी कशासाठी डोकं खातोय तुझं? कारण तुझ्या नोटमध्ये शेवटी शेवटी, पाचव्या-सहाव्या मिनिटाला, तू हसत हसत एक गोष्ट बोलून गेलास. तो नवा आलेला बारा-तेरा वर्षांचा पोरगा, त्याला तू ढाकेवर असा आपटलास की तो खांदा धरून रडायला लागला, आणि "आमच्यात पण दम आहे म्हटलं". हे तू मला अभिमानानं सांगितलंस. त्या गड्यावर सहा मिनिटं बोललास आणि स्वतः त्या पोराशी तेच केलंस, फक्त वजनं बदलली.

ढाक मारता येते म्हणतोस ना, मग हे करून दाखव. पुढच्या वेळी चांगला जुना पैलवान लहान पोराला ढाक शिकवताना नीट बघ, प्रत्येक तालमीत एक तरी असा असतोच, कान फुटलेला, कमी बोलणारा. तो पोराला कमरेवर घेतो, पूर्ण घेतो, पोराचे दोन्ही पाय हवेत जातात, आणि मग पाठ लागायला वीतभर अंतर राहिलं की थांबतो. एक हात दंडाला धरलेला, दुसरा मानेखाली गेलेला. तिथं एक क्षण थांबून पोराला विचारतो, कळलं का पाय कुठं अडकला ते? मग हळूच खाली सोडतो. हे आपटण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. आपटायला वजन आणि जोर पुरतो, मधेच थांबवायला मांड्या लागतात, कंबर लागते, आणि समोरच्याचा तोल कुठं आहे ते प्रत्येक क्षणाला माहिती असावं लागतं. ज्याला डाव अर्ध्यात थांबवता येत नाही त्याला तो डाव अजून आलेला नाही, त्याच्याकडून तो होऊन जातोय एवढंच. म्हणून मी संयम संयम म्हणतो तेव्हा कीर्तन करत नाही, टेक्निक सांगतोय. मॅटवर बघ, फ्रीस्टाइलला दहा गुणांची आघाडी झाली की पंच कुस्ती थांबवतो, पुढं खेळवत नाही. मातीत तर पाठ लागली की संपलं. आपला सगळा खेळच बास कधी म्हणायचं त्यावर उभा आहे आणि तुमचा तो गडी नेमकं तेवढंच शिकला नाही.

पंचावरून आठवलं. 2025 च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीत काय झालं ते तू बघितलंयस, व्हिडिओ तूच मला पाठवला होतास. पाठ लागली की नाही लागली यावर लोक अजून भांडतात, मी त्यात पडत नाही, निर्णय चुकीचा पण असेल. पण पंचाला लाथ बसली आणि त्या क्षणी विषयच बदलला, पाठीचं कुणी विचारेना, तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. आता खाशाबा जाधवांचं बघ. 1952, हेलसिंकीचं ऑलिम्पिक. जपानच्या इशीशी लांबलेली कुस्ती झाली, अंग पार मोडून आलेलं, आणि लगेच सोव्हिएत संघाच्या मामदबेयोवशी उभं केलं, मधे अर्धा तास विश्रांती मिळायला पाहिजे होती म्हणतात पण तसं बोलायला आपला एक अधिकारी तिथं हजर नव्हता. ती कुस्ती गेली आणि ब्राँझवर थांबावं लागलं. तक्रार करायला जागा होती की नाही तूच सांग. ते गोळेश्वरला परत आले, बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि नंतर काय केलं तर कुस्त्या लावल्या आणि ज्यांनी ज्यांनी पैसे दिले होते त्यांचे परत केले. राजाराम कॉलेजच्या खर्डेकर सरांनी घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले होते. डोक्यात मेडल गेलेलं असतं तर हे सुचलं नसतं.

तू नोटमध्ये "नाहीतर बाहेर घेतो त्याला" असं पण म्हणालास. हे डोक्यातून काढून टाक, आज काढ. दिल्लीत छत्रसाल स्टेडियमला 2021 ला झालेली मारहाण तुला माहिती आहे, कोण किती दोषी ते कोर्ट ठरवेल, पण एक तरुण पैलवान जिवानिशी गेला आणि देशाला दोन ऑलिम्पिक मेडलं देणारा माणूस खटल्यात अडकला. आपल्यासारख्यांना बाहेरच्या माणसासारखं भांडता येत नाही. तू रागात नुसता ढकललास तरी समोरचा डोक्यावर पडतो. आणि तुला पोलीस भरती द्यायचीय ना? चारित्र्य पडताळणीत गुन्हा निघाला की तुझी सोळाशे मीटरची धाव आणि गोळाफेक घेऊन काय करणार आहेस? खाशाबा पण पुढं पोलिसातच गेले होते, ते जाऊ दे.

बरं आता कामाचं. मानेवर कोपर ठेवून बसतो ते वस्तादांना सांगायचं, सरळ सांगायचं, चारचौघात नाही, एकटे असताना. ही चुगली नाही. मानेचं दुखणं साधं नसतं, मुंग्या आल्या किंवा हात बधिर झाला तर त्या दिवशी लढत बंद आणि डॉक्टरकडे, तेल चोळून बरं होतंय म्हणणाऱ्यांचं ऐकायचं नाही. तो धरायला आला आणि तुला बरं वाटत नसेल तर "आज नाही" म्हणून बाजूला हो, पळपुटा म्हणेल, म्हणू दे.

आणि लढत केलीस तर अशी कर. सलामी नीट दे, डोळ्यात बघून दे, हात झटकू नको. खडाखडीत, म्हणजे सुरुवातीच्या हातांच्या झटापटीत, तो तुझ्या मानेवर हात टाकून सगळं वजन लटकवणार, जड गडी तेच करतो, तिथं ताकद लावून उभा राहिलास तर तीन मिनिटांत तुझ्याच मांड्या भरतील. हात मोकळा कर, बाजूला सरक, परत हात, परत सरक. त्याच्या खाली जायचं नाही, खालून डाव मारीन म्हणशील तर त्याच्या वजनाखाली तूच अडकशील. पहिली चार-पाच मिनिटं काहीच करू नको, नुसता फिरव त्याला. त्याला लांबची कुस्ती करायची सवय राहिलेली नाही, पोरं लवकर पडतात ना त्याच्यासमोर. तोंड उघडं पडलं, पुढचा पाय जड पडायला लागला की एकेरी पट, डोकं आतल्या बाजूला, आणि धरल्यावर थांबायचं नाही, चालत राहायचं. पहिल्यांदा जमणार नाही, पाचव्यांदा पण जमणार नाही कदाचित.

जमलं तर, पाठ लागली त्याची, तर लगेच उठायचं आणि हात देऊन त्याला उठवायचं, पाठीची माती झटकायची. शिट्टी नाही, मांडी ठोकणं नाही, आणि व्हिडिओ कुणी काढलाच तर डिलीट करायला लावायचा. त्याला सगळ्यात जास्त लागणार ते हेच. म्हणजे लागावं म्हणून करू नकोस, पण लागेल, आणि मला थोडं बरं वाटेल, मी काही संत नाही.

त्या लहान पोराला उद्यापासून तू शिकवायचं. रोज लढती संपल्या की दहा मिनिटं, ढाकच, वीतभर अंतर ठेवून. त्याच्या घरच्यांना फोन करून खांद्याचं विचार, स्वतः विचार, वस्तादांकडून नको.

बाकी खुराकाचे पैसे महिनाअखेरीला पाठवतो. यात्रेच्या कुस्त्या सुरू होतायत, कमिटीनं त्याच्याशीच तुझी जोड लावली तर नाही म्हणू नको, पण इनाम किती ते चारजणांसमोर बोलून घे, मागच्या वेळेसारखं नारळ आणि फेट्यावर भागवतील.

आबा